आठ दिवस घर बंद, सिंकखालचा पाईप फुटला. भिंत वरून सुकलीये, रंग लावायचा की थांबायचं?

प्राजक्ताचा_सडा

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक होणार आहे पण अर्धवट सांगितलं तर कुणालाच नीट सल्ला देता येणार नाही म्हणून सगळंच लिहिते. आम्ही आठ दिवस बाहेरगावी होतो, परवा रात्री आलो, कुलूप काढलं आणि पाऊल टाकलं ते पाण्यातच. सिंकखालचा कनेक्शन पाईप, तो वरून स्टीलची जाळी असलेला असतो ना, तो नटाजवळ फाटला होता आणि पाणी नक्की किती दिवस वाहत होतं ते देवालाच माहीत. स्वयंपाकघर, हॉल आणि आतली खोली, तिन्हीकडे दोन-तीन बोटं पाणी. मेन कॉक बंद केला, रात्री दोन वाजेपर्यंत मी आणि हे वायपर मारत होतो, मग कापडं पिळून पिळून पुसलं. खिडक्या सताड उघड्या ठेवल्यात, सगळे पंखे चालू आहेत, दोन टेबल फॅन भिंतीकडे तोंड करून ठेवलेत.

आज तिसरा दिवस. फरशी खडखडीत कोरडी आहे, भिंतीला हात लावला तर हाताला ओल लागत नाही. पण जमिनीपासून साधारण फूटभर उंचीवर पिवळट तपकिरी रेघ उमटलीये, तिन्ही खोल्यांत. आतल्या खोलीत कपाट भिंतीला चिकटून आहे, तिथे सकाळी दार उघडलं की कुबट वास येतो आणि दुपारपर्यंत जातो. स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्यांच्या खालच्या फळ्या फुगल्यात.

ओळखीचे पेंटर येऊन बघून गेले. ते म्हणतात भिंत सुकलीये, पोपडे खरवडतो, वर वॉटरप्रूफ प्रायमर मारतो, पुट्टी आणि दोन हात रंग, चार दिवसांत काम पूर्ण. माझी घाई अशी आहे की सासूबाई हॉस्पिटलमधून पंधरा दिवसांनी घरी येणारेत, त्यांना दमा आहे आणि ती आतली खोली त्यांचीच. त्यांना स्वच्छ, वास न येणाऱ्या खोलीत आणायचंय. पण तीन दिवसांत एवढं पाणी गेलं कुठे हे मला कळत नाहीये आणि म्हणून रंगाला हो म्हणवत नाहीये.

अजून दोन गोष्टी. आतल्या खोलीत जमिनीपासून जेमतेम दोन बोटं वर, स्कर्टिंगला लागूनच एक सॉकेट आहे, त्यात पाणी गेलं असणार पण अजून तरी काही झालेलं नाही. आणि कपाटाच्या तळाच्या खणात सासऱ्यांनी लावलेला फोटोंचा अल्बम होता, तो आज सकाळी हाताला लागला, ओलागच्च, पानं एकमेकांना चिकटलेली. सासरे आता नाहीत. उन्हात ठेवू का? उघडून बघायची हिंमत होत नाहीये.

जुनी_वायर

ताई रंग राहू द्या बाजूला, आधी तो सॉकेट. अजून काही झालं नाही असं म्हणणाऱ्या घरात मी बऱ्याचदा नंतर गेलोय. पंखे लावलेत म्हणजे मेन चालू आहे. हे वाचून झालं की लगेच पायात कोरडी रबरी चप्पल घालून, कोरड्या हाताने त्या खोलीच्या सॉकेटचा एमसीबी (बोर्डातला आपोआप पडणारा स्विच) पाडा, कुठला ते कळत नसेल तर मेनच पाडा. बोर्डाच्या आसपास भिंत ओली असेल तर मात्र स्वतः हात लावू नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा.

एमसीबी कधी पडतो, तर करंट फार वाढला किंवा शॉर्ट झालं तर. ओल्या सॉकेटमधून भिंतीत नाहीतर लोखंडी कपाटात जो थोडा थोडा करंट उतरतो तो त्याला कळतसुद्धा नाही, आणि माणसाचा जीव तेवढ्यानेही जातो. त्यासाठी आरसीसीबी असतो, घरात बहुतेक ३० मिलिअँपिअरचा. तुमच्या बोर्डात आहे का बघा, असेल तर त्यावर टेस्टचं बटण असतं ते दाबून तो पडतो का तपासा. दाबूनही पडत नसेल तर तो नुसता नावाला बसवलेला आहे.

पाण्यात गेलेला सॉकेट सुकवून परत वापरायचा नाही, बदलायचा. पाणी उडून जातं पण त्यातले क्षार पितळी पट्ट्यांवर राहतात, तिथे हिरवट गंज धरतो, पकड सैल होते आणि काही महिन्यांनी मोठा लोड लावला की तोच सॉकेट तापून जळतो. वायर सहसा वाचते, पण भिंतीतल्या पाईपाला जिथे खालच्या बाजूला बाक असतो तिथे पाणी साचून राहतं आणि ते तुमच्या टेबल फॅनने सुकत नाही. इलेक्ट्रिशियनला सांगा मेगर लाव, म्हणजे वायरचं इन्सुलेशन मोजायचं यंत्र. ५०० व्होल्टवर १ मेगाओहमच्या खाली आकडा आला तर ती लाईन चालू करायची नाही, सुकू द्यायची आणि परत मोजायची. मेगर लावायच्या आधी त्या लाईनवरची सगळी उपकरणं काढून ठेवा नाहीतर त्यांच्या आतले सर्किट जातील.

आणि हो, ते टेबल फॅन एक्स्टेन्शन बोर्डावर असतील तर बोर्ड जमिनीवर ठेवू नका, स्टुलावर ठेवा. फ्रिजचा कॉम्प्रेसर आणि वॉशिंग मशीनची मोटर दोन्ही तळाशीच असतात, त्यांच्या खाली पाणी शिरलं होतं का आठवा. शंका असेल तर दाखवून घेतल्याशिवाय चालू करू नका.

कागदवेडी

प्राजक्ताताई, अल्बम उन्हात अजिबात ठेवू नका!! भिंत महिनाभर थांबेल, फोटो आजचा दिवससुद्धा थांबणार नाहीत. फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो, चित्र त्याच थरात असतं. ओला असताना तो थर चिकट होतो आणि दोन फोटो एकमेकांना लागून वाळले की गोंद लावल्यासारखे होतात, मग सोडवताना एकाचा चेहरा दुसऱ्याच्या पाठीवर येतो. म्हणजे ते अजून ओले आहेत हे एका अर्थी बरंय.

तीन दिवस झालेत म्हणजे जिलेटिन मऊ झालेलं असणार, त्यामुळे हाताने ओढू नका. पसरट भांड्यात स्वच्छ थंड पाणी घ्या, चिकटलेला गठ्ठा त्यात ठेवा, थोड्या वेळाने कडेने आपोआप सुटायला लागतील, जेवढे सुटतील तेवढेच सोडवा. गरम पाणी नको, साबण नको, आणि सुटलेला फोटो परत पाण्यात पडून राहायला नको. बोटं चित्रावर लावायची नाहीत, कडा धरायच्या. मग चित्राची बाजू वर करून टिपकागदावर किंवा स्वच्छ सुती कापडावर पसरा, नाहीतर दोरीला कोपऱ्यात चिमटा लावून टांगा. सावलीत, पंख्याची झोत थेट अंगावर नको. वाळताना कडा वळतील, वळू द्या, नंतर जड पुस्तकाखाली ठेवून सरळ होतात. इंकजेट प्रिंटरवर घरी काढलेले प्रिंट असतील तर ते पाण्यात घालू नका, त्यांची शाई वाहून जाते.

आता सगळा अल्बम एका दिवसात होणार नाही. जेवढं आज जमणार नाही तेवढं फ्रीझरमध्ये टाका. खरंच सांगतेय, ग्रंथालयांत पुस्तकं भिजली की हेच करतात. फोटोंच्या मधे बटर पेपर घाला, प्लास्टिकच्या पिशवीत आडवे ठेवा आणि गोठवा. गोठलेल्यात बुरशी वाढत नाही आणि शाई पसरत नाही, मग महिनाभराने एकेक गठ्ठा काढून सावकाश वितळवून सोडवत बसा. (फ्रिज आधी जुनी_वायर दादांनी सांगितलं तसं तपासून घ्या, नाहीतर कुणा शेजाऱ्यांच्या फ्रीझरमध्ये ठेवा.) फक्त काचेच्या निगेटिव्ह असतील तर त्या गोठवायच्या नाहीत.

आणि प्रत्येक फोटो सोडवला की लगेच मोबाईलने त्याचा फोटो काढा, मागे काही लिहिलेलं असेल तर त्याचाही. ओल्यात दिसतंय ते वाळल्यावर दिसेलच असं नाही. मागच्या बाजूला शाईने लिहिलेल्या तारखा, नावं आधी जातात आणि ती नंतर सांगणारं कुणी नसतं.

विटावाळू

मी बांधकामावर काम करतो, तुमचा प्रश्न वाचून थोडं सविस्तर लिहावंसं वाटलं. तुम्ही अगदी बरोबर जागी बोट ठेवलंय, पाणी गेलं कुठे. ते गेलं नाही, ते तुमच्या फरशीखाली आहे.

फरशी बसवताना खाली सिमेंट-वाळूचा माल टाकतात, इंच दोन इंच जाडीचा. तो थर स्पंजासारखा असतो. फरशीच्या फटीतून, आणि त्याहून जास्त भिंत आणि फरशी जिथे मिळतात त्या सांध्यातून पाणी त्यात उतरतं. वरून टाईल चकचकीत, तिच्यातून वाफ बाहेर पडू शकत नाही. मग ते पाणी बाहेर कुठून येणार तर भिंतीतून. विटेत आणि प्लास्टरमध्ये केसाहून बारीक नळ्या असतात, दिव्याची वात तेल ओढते तसं भिंत ते पाणी वर ओढते. म्हणून तुमच्याकडे तीन बोटं पाणी होतं आणि डाग फूटभर उंच आहे. ती पिवळट रेघ म्हणजे पाणी जिथपर्यंत चढून हवेत उडालं ती जागा, बरोबर आणलेले क्षार आणि मळ तिथे सोडून गेलं. पुढच्या काही आठवड्यांत तिथेच पांढरी भुकटी फुटेल, त्याला आपण लोणा म्हणतो. ती फुटली तर घाबरू नका, पाणी बाहेर येतंय असा त्याचा अर्थ. कोरड्या ब्रशने झाडायची, ओल्या फडक्याने पुसायची नाही, पुसली की ती विरघळून परत आत जाते.

हाताला ओल लागत नाही यावर जाऊ नका. पंख्याने वरचा एक-दोन मिलिमीटर थर सुकतो, मागची वीट तशीच भिजलेली असते. आमच्यात ढोबळ हिशोब आहे, भिजलेली भिंत इंचाला महिना या गतीने सुकते. साडेचार इंची भिंत आरपार भिजली असेल तर आपली आपण सुकायला चार महिने सहज. नीट हवा खेळवली, यंत्र लावलं तर बरंच लवकर होतं, पण चार दिवसांत काही केल्या होत नाही.

आणि वॉटरप्रूफ प्रायमर तर आत्ता मुळीच नको. पेंटरबुवा वाईट हेतूने सांगत नाहीत, त्यांना रंगाचं माहितीये. पण तो प्रायमर पाण्याला आत येऊ देत नाही तसा बाहेरही जाऊ देत नाही. आतली ओल त्याच्यामागे अडकते, रंगाला फुगे धरते, नाहीतर आणखी वर चढून दीड-दोन फुटांवर नवी रेघ काढते. मी काय करेन सांगतो. तीन्ही खोल्यांतलं स्कर्टिंग काढा, निदान कपाटामागचं आणि सिंकच्या भिंतीचं तरी. स्कर्टिंगच्या मागे सगळ्यात जास्त ओल धरून बसलेली असते आणि तो सांधा उघडा झाला की फरशीखालची वाफ तिथून निघायला वाट मिळते. मग डागाच्या अर्धा फूट वरपर्यंत जुना रंग आणि पुट्टी खरवडून प्लास्टर उघडं करा. भिंत महिना दोन महिने कुरूप दिसेल, दिसू द्या. फरशीवर काठीने ठोकत जा, पोकळ आवाज येणाऱ्या कोपऱ्यातली एखादी टाईल उचलून खाली बघा. वाळू हातात घेतल्यावर मुठीत गोळा राहत असेल तर अजून भरपूर पाणी आहे.

कधी सुकली हे कळायला सोपी परीक्षा आहे. जाड पारदर्शक प्लास्टिकचा दीड बाय दीड फुटाचा तुकडा उघड्या प्लास्टरवर धरा, चारही कडा टेपने घट्ट बंद करा, कमीत कमी १६ तास ठेवा. आतून थेंब धरले किंवा तेवढाच भाग गडद दिसला तर आत ओल आहे. मॉइश्चर मीटर मिळाला तर उत्तमच, पण लाकडासाठीच्या मीटरचा प्लास्टरवरचा आकडा खरा आकडा नसतो, तो फक्त तुलनेला वापरायचा. घरातली न भिजलेली भिंत मोजा, ही भिंत त्या आकड्याला आली की पुट्टी.

तिसरा_मजला

विटावाळू यांनी लिहिलंय त्यातलं अक्षर न अक्षर आम्ही भोगलंय म्हणून लिहितेय. आमच्याकडे बाथरूमच्या भिंतीतला पाईप गळत होता, दुरुस्त केला, भिंत दहाव्या दिवशी कोरडी वाटली आणि आम्ही रंग लावून मोकळे झालो. तिसऱ्या महिन्यात तळहाताएवढे फुगे. दाबले की पिचकन पाणी यायचं. त्याहून वाईट म्हणजे त्या भिंतीला लावलेलं माझ्या मुलीचं पुस्तकांचं शेल्फ, ते हलवलं तर मागे जमिनीपासून कमरेपर्यंत काळी बुरशी, आणि ती सहा आठवडे रोज रात्री खोकत होती, आम्ही डॉक्टर बदलत होतो, भिंत बघायचं कुणाला सुचलं नाही. रंग परत सगळा खरवडला, शेल्फ टाकून दिलं. ते सहा आठवडे आजही मनातून जात नाहीत.

ताई तुमच्या घरी दम्याचं माणूस येणारे. कपाट आजच भिंतीपासून दूर ओढा, निदान हातभर, आणि मागे टॉर्च मारून बघा. सकाळी येणारा वास तिथलाच असणार. आणि त्यांना दुसऱ्या खोलीत झोपवता येत असेल तर कृपा करून झोपवा, त्यांना वाईट वाटेल म्हणून आतल्या खोलीचा हट्ट करू नका.

कोपऱ्यातली_खिडकी

खिडक्या सताड उघड्या ठेवा, वारा खेळू द्या, यंत्रंबिंत्रं काही लागत नाही. आमची भिंत अशीच सुकली.

ढगाळ

वरच्या प्रतिसादाशी थोडा असहमत, म्हणजे ते चूक नाहीत पण बाहेरची हवा कशी आहे त्यावर सगळं अवलंबून आहे. बाहेर कोरडं ऊन असेल तर खिडक्या उघड्या ठेवण्यासारखं दुसरं औषध नाही. पण बाहेर दमट असेल तर उघड्या खिडकीतून तुम्ही पाणी आत आणताय. गरम हवेत वाफ जास्त मावते, ३० अंश सेल्सिअसला एका घनमीटर हवेत साधारण ३० ग्रॅम, २० अंशाला जेमतेम १७ ग्रॅम. आता बाहेरची ३० अंशाची दमट हवा रात्री थंड पडलेल्या ओल्या भिंतीला येऊन टेकली तर ती आपलंच पाणी भिंतीवर सोडते. म्हणून काही घरांत रात्रभर खिडक्या उघड्या ठेवून सकाळी भिंत जास्त ओली वाटते आणि लोकांना कळत नाही का.

एक साधा हायग्रोमीटर घ्या, आत आणि बाहेर मोजा. आतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली ठेवायची, ५०च्या आसपास असेल तर फारच छान. बाहेरची हवा कोरडी त्या वेळात खिडक्या समोरासमोर उघडा. दमट त्या वेळात खिडक्या दारं बंद, आणि डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतलं पाणी ओढून घेणारं यंत्र, भाड्याने मिळाला तर तो, नाहीतर एसी ड्राय मोडवर. डिह्युमिडिफायर लावून खिडकी उघडी ठेवणं म्हणजे नुसती वीज जाळणं. त्याच्या टाकीत रोज किती पाणी जमतं ते वहीत लिहा, सुरुवातीला भराभर भरेल मग कमी कमी होत जाईल, भिंत कुठवर आलीये ते त्यावरून कळतं. पंखा भिंतीला समोरून नाही तर तिरका लावा, म्हणजे हवा भिंतीला घासून पुढे सरकते आणि लांबवर सुकतं. आणि बंद खोलीत हीटर लावून भिंत भाजायला जाऊ नका, गरम आणि दमट म्हणजे बुरशीला हवं ते सगळं आयतं.

प्राजक्ताचा_सडा

सगळ्यांचे किती आभार मानू. रात्री मेनच पाडली, आज इलेक्ट्रिशियन आले, त्या सॉकेटच्या लाईनवर मेगरचा आकडा १च्या खालीच आला. आम्ही त्याच बोर्डावर काल इस्त्री लावली होती. हात थरथरले माझे. ती लाईन बंद ठेवलीये. पेंटरना सांगितलं आत्ता नको, ते जरा नाराज झाले.

कपाट ओढलं. तिसरा_मजला ताई, तुम्ही म्हणालात तेच, मागे दोन ठिकाणी करडे काळे ठिपके, एक ताटाएवढा आणि एक लहान. मी ब्लीच आणून ठेवलंय, घासून काढू का? आणि ट्रॉल्यांच्या फुगलेल्या फळ्या सुकल्यावर बसतील ना परत?

अल्बमचे बावीस फोटो आज सुटले. बाकीचे बहिणीच्या फ्रीझरमध्ये. कागदवेडी, तुमच्यामुळे.

तिसरा_मजला

घासू नका, कोरडं तर नाहीच नाही! कोरडं घासलं की बुरशीची भुकटी हवेत उडते आणि खोलीभर बसते. आधी एन-९५ मास्क, हातमोजे, चष्मा. खोलीचं दार बंद, खिडकी उघडी, पंखा बंद. डाग आधी साबणाच्या पाण्याच्या फवाऱ्याने ओला करा, मग ओल्या फडक्याने उचला, फडकं पिशवीत घालून टाकून द्या. प्लास्टरच्या आत ब्लीच फारसं शिरत नाही, त्याचं पाणी मात्र शिरतं, वरचा रंग उडतो आणि डाग गेल्यासारखा वाटतो. तिथला रंग आणि पुट्टी तसंही खरवडायचीच आहे, ओली करून खरवडा. आणि ब्लीच वापरायचंच ठरवलंत तर ते फरशी धुवायच्या ॲसिडमध्ये किंवा अमोनियाच्या क्लीनरमध्ये कधीही मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो, बंद खोलीत जीवावर बेततं.

ताटाएवढा डाग घरी साफ करता येतो. बुरशी साधारण एक चौरस मीटरच्या पुढे पसरलेली असेल तर माहितगार माणसं बोलवायची. आणि हे काम चालू असताना सासूबाई घरात नकोत.

विटावाळू

ट्रॉल्यांचं सांगतो. फुगलेली कड नखाने कुरतडून बघा. आत लाकडाचा भुसा दाबल्यासारखं दिसलं तर ते पार्टिकल बोर्ड आहे, ते फुगलं की फुगलं, परत बसत नाही आणि त्यात स्क्रूही धरत नाही, त्या फळ्या बदलाव्याच लागतील. पातळ पातळ थर दिसले तर प्लायवूड, थर एकमेकांपासून सुटले नसतील तर सुकून कामाला येईल. पाठीमागची पातळ फळी मात्र कशाचीही असो, काढून टाका. तिच्यामागे भिंत श्वास घेऊ शकत नाही.

घराचा विमा असेल तर हे सगळं काढून टाकायच्या आधी फोटो काढा आणि त्यांना कळवा. तो फाटलेला पाईपसुद्धा जपून ठेवा.

जुनी_वायर

पाईपाचं एक राहून गेलं. सिंकखाली ब्लीच, ॲसिड असल्या बाटल्या ठेवता का? त्यांची वाफ त्या स्टीलच्या जाळीला हळूहळू खाते, जाळीच्या तारा तुटतात आणि आतल्या रबरी नळीला आधार राहत नाही, मग दाबाने ती फाटते. नटाजवळ फाटला म्हणालात तर पाना लावून जास्त आवळलेलाही असू शकतो, तो नट हाताने घट्ट करून वर पाव फेरा पुरतो. पाईप चांगला दिसला तरी पाचेक वर्षांनी बदलून टाका, घरातले सगळे, बेसिनचे, फ्लशच्या टाकीचे, वॉशिंग मशीनचा. आणि बाहेरगावी जाताना मेन कॉक बंद करून जा.

नवीन पाईप बसवल्यावर एकदा सगळे नळ बंद करून पाण्याचा मीटर बघा, दोन तास कुणी पाणी वापरायचं नाही, परत बघा. काटा हलला तर अजून कुठेतरी गळतंय, आणि गळती चालू असताना भिंत सुकवणं म्हणजे भोकाच्या बादलीत पाणी भरणं.

प्राजक्ताचा_सडा

मंडळी, सात आठवडे झाले, कळवायचं राहून जात होतं. सिंकखाली ब्लीचच्या दोन बाटल्या होत्या आणि जाळीवर खरंच तपकिरी डाग होते. मीटरचा काटा हलला नाही. स्कर्टिंग काढलं, हॉलच्या कोपऱ्यातली एक टाईल उचलली तर खालच्या वाळूचा लाडू वळला जात होता, दुसऱ्या महिन्याच्या सुरुवातीला! डिह्युमिडिफायर भाड्याने आणला, पहिल्या आठवड्यात टाकी दिवसातून दोनदा ओतायला लागायची, आता दोन दिवसांतून एकदा. लोणा फुटला, ब्रशने झाडतोय. त्या लाईनचा आकडा वर आला, सॉकेट बदलून आता तिथे दिवा लावलाय.

अल्बममधले अकरा फोटो गेले. बाकीचे आहेत, कडा वळलेल्या आहेत, काहींवर डाग आहेत, पण चेहरे आहेत. आठ-दहा फोटोंच्या मागे सासऱ्यांच्या अक्षरात तारखा निघाल्या, आम्हाला कुणालाच माहीत नव्हत्या.

सासूबाई हॉलमध्ये झोपतात. त्यांच्या उशाकडची भिंत आम्ही सगळ्यात आधी सुकवली, प्लास्टिकची परीक्षा दोनदा घेऊन. आतल्या खोलीत कपाटामागच्या जागी अजून प्लास्टिक लावलेलंच आहे, गेल्या आठवड्यापर्यंत वरच्या भागात काही नव्हतं पण खालच्या कडेला बारीक थेंब धरत होते. ते कशासाठी आहे हे मी त्यांना सांगितल्यापासून रोज सकाळी खोलीच्या दारात उभं राहून त्या बघतात आणि मला स्वयंपाकघरात येऊन सांगतात. आज म्हणाल्या, खाली दोनच थेंब आहेत.